घोट्याजवळची न भरणारी जखम: मलमपट्टीआधी शिरा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिका म्हणून पुण्यात नोकरी करताना, घोट्याच्या आतील बाजूस महिनोन्महिने न भरणारी जखम घेऊन ड्रेसिंगसाठी येणारे अनेक रुग्ण मी पाहिले. त्यांत लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांत दिवसभर उभे राहणारे विक्रेते होते, सोसायट्यांचे रखवालदार होते, घरोघरी पोळ्या करणाऱ्या स्त्रिया होत्या. जखम चिघळली की घरचे लोक ‘शुगर असेल’ असे धरून चालतात. शुगर तपासलीच पाहिजे. परंतु ती नॉर्मल आली तर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि वाढलेली निघाली तर सारा दोष तिच्यावर टाकून पोटरीवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांकडे, म्हणजे ‘व्हेरिकोज व्हेन्स’ या आजाराकडे, दुर्लक्ष होते. हे थांबावे, एवढ्यासाठी हे पत्र.

पायांतील रक्त वर हृदयाकडे नेण्याचे काम चालताना आवळणारे पोटरीचे स्नायू करतात आणि ते रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. आनुवंशिकता, गर्भारपण, वाढते वय, लठ्ठपणा आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे यांमुळे या झडपा निकामी होऊ लागल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात आणि सुजतात. पुढे रक्तपेशी शिरांबाहेर झिरपून त्यांतील लोहामुळे घोट्याभोवतीची कातडी काळपट व टणक होते. अशा कातडीवर डास चावून खाजवले तरी जखम होते, आणि आतला दाब कायम असल्याने ती भरत नाही.

म्हणून केवळ वरून ड्रेसिंग करणे अपुरे आहे. 2018 साली ब्रिटनमधील 450 रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाब देणाऱ्या पट्ट्यांच्या जोडीला सदोष शिरेवर लवकर उपचार केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांची जखम जेवढ्या दिवसांत भरली तो काळ) 56 दिवस होता, तर हा उपचार लांबवलेल्या गटात तो 82 दिवस होता. कोणती शीर सदोष आहे आणि खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत की नाहीत, हे कलर डॉप्लर सोनोग्राफीत कळते. शिरांमधील उलटा प्रवाह नीट दिसावा म्हणून ही तपासणी शक्यतो रुग्णाला उभे करून व्हावी. टाचणीही न टोचता होणारी ही तपासणी टाळण्याचे कारण नाही.

ऑपरेशनच्या भीतीने अनेक जण अंगावर काढतात. जांघेत छेद घेऊन शीर ओढून काढण्याची पद्धत आजही आहे, पण आता बहुतेकदा लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने शीर आतूनच बंद करतात. काहींना फेसाळ औषधाचे इंजेक्शन पुरते. भूल साधारणतः त्या जागेपुरतीच असते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. एक शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, असे नातेवाईक हमखास विचारतात. ते खोलवरच्या निरोगी शिरांतून जाते. मात्र औषधाच्या दुकानातून घट्ट मोजे आणून स्वतःच्या मनाने घालू नयेत. मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून पायाला रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद झालेल्या असतील, तर त्या दाबाने पायाला इजा होऊ शकते. शीर फुटून रक्त वाहू लागले तर रुग्णाला आडवे करून पाय उंच धरावा, जागा दाबून ठेवावी आणि तातडीने डॉक्टर गाठावा.

उभ्याने काम करणाऱ्यांना बसायला साधे स्टूल मिळणे हाही या आजाराच्या काळजीचाच भाग आहे. केरळ आणि तमिळनाडू या राज्यांनी दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी तशी तरतूद कायद्यात केली आहे. पुण्यातील दुकानदारांनी कायद्याची वाट न पाहता, गिऱ्हाईक नसताना कर्मचाऱ्यांना बसू द्यावे. महापालिकेच्या दवाखान्यांनीही, गुडघ्याखालील जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर रुग्णाला नुसत्या पुढच्या ड्रेसिंगची तारीख न देता डॉप्लरसाठी चिठ्ठी द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे