चाचा चौधरीचे चित्रकार प्राण गेले, म्हणून हे पत्र

ग्वाल्हेर,
7 ऑगस्ट 2014

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

प्राण गेल्याचं तुला कळलं असेलच. परवा, 5 तारखेला रात्री गेले. कॅन्सर होता. येत्या 15 ऑगस्टला 76 वर्षं पूर्ण झाली असती. काल बातमी वाचली आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

तुला चाचा चौधरी तोंडपाठ, पण त्यांना जन्माला घालणाऱ्या माणसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. प्राण मूळचे कसूरचे. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी त्यांना नऊ वर्षं पूर्ण झाली, आणि कसूर गेलं पाकिस्तानात. पुढे बी. ए. केलं ते आपल्या ग्वाल्हेरात! 1960 मध्ये दिल्लीच्या 'मिलाप' वर्तमानपत्रात 'डब्बू' ही चित्रमालिका काढायला लागले. 1971 मध्ये 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकासाठी चाचा आले.

तेव्हा कॉमिक्सचा नायक म्हणजे बहुधा परदेशातला, तरणाबांड. यांनी उभा केला काठी घेतलेला, लाल पगडीचा म्हातारा! ताकद सगळी ज्युपिटरहून, म्हणजे गुरू ग्रहावरून, आलेल्या त्यांच्या सोबत्याला, साबूला दिली, पण ती कुठे वापरायची ते चाचा ठरवणार. आमच्या लहानपणी इथे चंबळच्या डाकूंच्या बातम्या सारख्या यायच्या, मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. पुढे तुला वाचून दाखवताना तसलाच डाकू, राका, समोर आला. औषध पिऊन अमर झालेला, तरी चाचांच्या डोक्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि चाची? लाटणं घेऊन चोरांच्या अंगावर जाणारी. साबूसारखा राक्षसी गडी तिच्या पराठ्यांसाठी पृथ्वीवर राहिला. स्वयंपाकघरातल्या बाईला एवढा मान कॉमिक्समध्ये दुसऱ्या कुणी दिलेला मी तरी पाहिला नाही.

चाचांचं डोकं कॉम्प्युटरपेक्षा तेज, हे वाक्य तू घोकत असायचास. आपल्या गल्लीत तेव्हा कॉम्प्युटर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आज तू त्याच्यावरच पोट भरतोस.

तुझी डायमंड कॉमिक्स माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. काल काढून पुसली. साबूच्या कानातल्या बाळ्या तू पेनानं गिरवल्या होत्यास, त्या अजून दिसतात. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. चिमणी हिंदी वाचायला कुरकुरते म्हणतोस ना, तिला आधी प्राणांचीच बिल्लू-पिंकीची कॉमिक्स दे. राकाचा अंक तेवढा मी ठेवून घेते आहे.

तुझी,
आई