मावशी, तुम्ही आधी आईला विचारलंत

आदरणीय मावशी,

एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, शेवटचं पत्र आलं. आईच्या नर्सिंग होमपायी आम्ही भरलेले पैसे व्याजासकट परत मिळाले. फोनवर तुम्हाला सांगितलं तर "बरं झालं बाई" एवढंच म्हणालात आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केलीत. तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, म्हणून लिहिते आहे. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण इंग्लंडमधल्या आपल्या कितीतरी घरांत ही गोष्ट अजून कुणाला माहीतच नाही.

2021 मध्ये आईला दुसऱ्यांदा पक्षाघाताचा झटका आला. स्मृतिभ्रंश आधीपासून होताच. उजवी बाजू गेली, गिळणं अवघड झालं, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं या देशात बोललेलं इंग्रजी तिच्या तोंडून पार नाहीसं झालं. मराठी तेवढी उरली, तीही तुटक. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज द्यायची वेळ आली तेव्हा आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो घराचा. घर कुणाच्या नावावर, बँकेत किती, पेन्शन किती. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मदतीला 23,250 पौंडांची मर्यादा आहे, त्याच्या वर मालमत्ता असली की खर्च तुमचा तुम्ही करायचा. बाबा गेलेले, आई एकटी, घर तिच्या नावावर. तेवढ्यावर विषय संपला. पोस्टातल्या रात्रपाळ्या करून बाबांनी घेतलेलं ते घर आम्ही विकलं, आईला नर्सिंग होममध्ये, म्हणजे सतत नर्सिंग लागणाऱ्या माणसांनी कायम राहायच्या जागी, ठेवलं आणि आठवड्याला हजार पौंडांच्या वर जाणारी तिथली फी भरत राहिलो.

पैशाचा प्रश्न यायच्याही आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा होता, हे आम्हाला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. माणसाची मुख्य गरज आरोग्याची असेल तर त्याच्या सगळ्या देखभालीचा खर्च एनएचएसने उचलायचा, नर्सिंग होममधल्या राहण्या-जेवणासकट. याला कंटिन्युइंग हेल्थकेअर म्हणतात. त्यात घर, बचत, पेन्शन काही बघत नाहीत. आजाराचं नाव काय यावरही ते ठरत नाही, माणसाला रोज काय लागतं यावर ठरतं. डिस्चार्जची सही घेणाऱ्या बाई, फायनान्सचा फॉर्म भरून घेणारा सोशल वर्कर, आमचे डॉक्टर, सगळे चांगलं बोलले, चहा विचारला, आणि एवढी एक गोष्ट सांगायचं राहून गेलं. हे मी अजून माफ केलेलं नाही. एका वाक्याचं काम होतं हो मावशी.

मग 2023 च्या गणपतीत तुम्ही भेटलात. प्रसादाच्या रांगेत मी कुणाशी तरी आईच्या फीबद्दल बोलत होते आणि तुम्ही मागून विचारलंत, "चेकलिस्ट झाली का तिची?" मला चेकलिस्ट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. कंटिन्युइंग हेल्थकेअरसाठी माणसाचा विचार व्हायला हवा का, ते बघणारी ती पहिली तपासणी. मिरजेला शिकून इकडे आलेल्या, उभा जन्म वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या तुम्ही. माझी ना ओळख ना पाळख. येत्या शनिवारी येते म्हणालात, आणि आलात.

तो शनिवार मला नीट लिहून ठेवायचा आहे.

आईच्या खोलीत तोवर पुष्कळ माणसं येऊन गेली होती. यायची, पायथ्याशी उभी राहायची, फाइल उघडायची आणि माझ्याशी बोलायची. आईकडे बघून मोठ्या आवाजात "हॅलो डार्लिंग" म्हणायची, की पुन्हा फाइल. तुम्ही आत आलात, कोट काढून दाराच्या खुंटीला लावलात, बेसिनवर हात धुतलेत. पाणी गार होतं म्हणून तळवे एकमेकांवर चोळून गरम केलेत. मग खुर्ची ओढून आईच्या डाव्या अंगाला बसलात, ज्या बाजूचं तिला कळत होतं त्या बाजूला. मी फाइल पुढे केली ती तुम्ही घेतली नाहीत. आईच्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "अक्का, मी मिरजेची. नर्स होते. तुमचे कागद बघू का?"

आणि थांबलात. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं नव्हतंत. खरंच थांबलात तुम्ही. मला तर वाटलं, आता काय हिला कळणार. आईने बराच वेळ तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघा की."

दोन शब्द, साताऱ्याच्या सुरात. माझी आई इतक्या दिवसांनी कुणाला तरी कसली तरी परवानगी देत होती! तिच्या अंगाला हात लावताना, तिला कुशीवर वळवताना, तिचं घर विकताना, तिच्याबद्दल पानंच्या पानं लिहिताना तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पैसे परत आले याचा आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण मावशी, पैसे आले नसते तरी त्या एका "बघू का" साठी मी हे पत्र लिहिलंच असतं.

पुढचं सगळं त्याच खुर्चीतून झालं. आईला भरवायची वेळ झाली तेव्हा तुम्ही उठला नाहीत. तिथे काम करणारी एक केरळची मुलगी घट्ट केलेलं सूप चमच्याने भरवत होती. प्रत्येक घासानंतर थांबायची, आईचा गळा हलतो का बघायची, खोकला आला की चमचा खाली ठेवायची. मी ते रोज बघत आले होते आणि मला त्यात माया दिसत होती. तुम्हाला मायाही दिसली आणि कामही दिसलं. "हे जेवण भरवणं नाही," तुम्ही म्हणालात, "घास छातीत जाऊ नये म्हणून हे नर्सिंग चाललंय." त्याच मुलीने रोजच्या नोंदीत लिहून ठेवलं होतं, जेवायला 50 मिनिटं लागली, दोनदा ठसका, अर्धं उरलं. पगार बेताचा, पाळी बारा तासांची, आणि तरी ती खरं लिहीत होती, पूर्ण लिहीत होती. तिचे आभार मी तिच्या तोंडावर मानले आहेत, इथेही मानते. तिच्यासारखी माणसं या देशातली नर्सिंग होम्स अक्षरशः हातांवर तोलून धरतात, आणि त्यांची नावं कुठल्या पत्रात येत नाहीत.

कागद वाचताना तुम्ही एका पत्रावर बोट ठेवलंत. नर्सिंगपुरता ठरावीक वाटा एनएचएस नर्सिंग होमला परस्पर देत होती, त्याचं ते पत्र. आम्हाला ती मेहेरबानी वाटायची. तुम्ही सांगितलंत की हा वाटा मंजूर करण्याआधी पूर्ण निधीचा, म्हणजे कंटिन्युइंग हेल्थकेअरचा, विचार व्हायलाच हवा, नियमच तसा आहे. मग तो विचार कुणी, कधी केला? फाइलमध्ये त्याचा एकही कागद नव्हता. सगळं प्रकरण पुढे त्या एका पत्रावर उभं राहिलं.

मग आईच्या गरजा तपासायची मीटिंग झाली. तिचं सगळं सांगत बसत नाही, पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. गरजा मोजायच्या तक्त्यात बारा रकाने असतात: श्वास, खाणं-पिणं, त्वचा, हालचाल, संवाद, वागणूक, औषधं असे. तपासणाऱ्या बाई त्वचेच्या रकान्याशी आल्या आणि म्हणाल्या, कातडी शाबूत आहे, एकही जखम नाही, म्हणजे गरज कमी. मला ते पटल्यासारखंच वाटलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, दोघीजणी कूस बदलतात म्हणून शाबूत आहे. आठवडाभर ते थांबवा, मग बघू काय लिहिता." आणि नॅशनल फ्रेमवर्कमधलं, म्हणजे या निधीच्या सरकारी नियमावलीतलं, ते कलम वाचून दाखवलंत, की नीट सांभाळलेली गरजही गरजच असते, सांभाळली म्हणून ती मोजायची नाही असं नाही. खोलीत कुणाला त्यावर बोलता आलं नाही.

तरी पहिल्यांदा नकारच आला. त्याच सुमारास एक कंपनी आमच्या मागे लागली होती, पैसे सोडवून देतो म्हणून, पण त्यातला मोठा हिस्सा त्यांचा. तुम्ही म्हणालात, सही करू नका, सहा महिन्यांच्या आत फेरविचार मागता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही मला पॅमेला कॉफलन यांची गोष्ट सांगितलीत. 1971 मध्ये गाडीच्या अपघातात हातापायांतली शक्ती गेलेली बाई. ज्या घरात कायम राहता येईल असा शब्द दिला होता ते डेव्हनमधलं घर आरोग्य खातं बंद करायला निघालं, तर ही बाई कोर्टात गेली आणि 1999 मध्ये अपील कोर्टात जिंकली. काउन्सिलच्या अंगावर किती नर्सिंग टाकता येतं याची मर्यादा त्या निकालाने घातली. "ती खाटेवरून लढली," तुम्ही म्हणालात, "आपल्याला तर पाय आहेत." मी पुन्हा लिहायला बसले.

2024 मध्ये आई गेली, निकाल लागायच्या आधीच. आता कशाला म्हणून मी सगळं सोडून देणार होते. माणूस गेल्यावरही वारसांना हा दावा चालवता येतो, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि दिवसकार्य होईपर्यंत त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. तेराव्याला आलात त्या पिठलं-भाकरी घेऊन. फाइल पिशवीत होती हे मला नंतर कळलं.

काय घ्याल म्हणून विचारलं तर तुम्ही रागावलात. पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. ज्यांना पगार होता, ज्यांच्या कामाच्या वर्णनातच हे लिहिलेलं होतं, त्यांनी ते केलं नाही. आणि जिचं आमच्याशी काही देणं-घेणं नव्हतं तिने आपले शनिवार दिले. मला व्यवस्थेचा राग आहे, तो राहील. पण त्याच व्यवस्थेत तुम्ही उभा जन्म काढलात आणि इतक्या नीट राहिलात, हेही मी विसरू शकत नाही. माणूस चांगला असायला फार काही लागत नाही असं आपण म्हणतो, पण लागतं मावशी. ज्ञान लागतं, वेळ लागतो, आणि समोरच्याशी बरोबरीच्या माणसासारखं बसावं लागतं.

आलेल्या पैशांचं दादाचं आणि माझं ठरलंय. नातवंडांच्या शिक्षणाचं आईच्या मनात होतं, तेवढं तिच्या इच्छेप्रमाणे होईल. त्या केरळच्या मुलीची नर्सिंगची नोंदणी इथे व्हायची आहे, तिच्या परीक्षेची फी आम्ही भरतो आहोत. ती नको म्हणत होती, तुमचं नाव सांगितल्यावर तयार झाली.

मंडळातल्या एका काकांना मागच्या महिन्यात डिस्चार्ज मिळाला. त्यांच्या मुलाकडेही पहिला फॉर्म बँकेचाच आला. मी त्याला म्हटलं, त्यावर सही नंतर, आधी चेकलिस्ट मागा, आणि मागितल्याची तारीख लिहून ठेवा. पुढचं त्याला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. तुम्हाला सोयीचं असेल तर येत्या शनिवारी आम्ही दोघं येतो.

तुमची,
अक्कांची धाकटी