सात ते साडेआठ

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र लिहितोय. जे सांगायचंय ते अन्वीसमोर बोलवत नाही.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई, तू कुंडीतली नवी जास्वंद दाखवत होतीस आणि अन्वीने स्क्रीनवरून बोट वर सरकवलं. रील आवडली नाही की ती तसंच करते. तू हसलीस, "पोर हुशार आहे गं बाई" म्हणालीस. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. तिने आजीला सरकवलं होतं.

हे तिला आम्हीच शिकवलं. मोबाइल समोर धरल्याशिवाय ती घास घेत नाही. घेतलेला घास गालात तसाच राहतो, चावायचं विसरते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. आमच्या तीन वर्षांच्या पोरीचा तो तास सकाळच्या खाण्यातच संपतो. तू मला चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवायचीस, तेव्हा चिऊकाऊ खरंच समोरच्या कौलांवर असायचे.

बाबा, तुम्हीच सांगितलं होतंत ना, आपल्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं? लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली, ती उघडल्यावरही पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना. म्हणून २०२२ मध्ये गावाने ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. मोठ्यांचेसुद्धा. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

एक तारखेपासून आम्ही दोघंही सात ते साडेआठ मोबाइल कपाटात ठेवणार. फक्त साडेसातला तुमचा फोन घेऊ, पण साधा, व्हिडिओ नाही. स्पीकर लावून पालथा ठेवीन. बाबा, येरळेच्या पुराची गोष्ट तिला सांगा, मला सांगायचात तशीच, मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" विचारत.

आई, रोज तिचा चेहरा दिसणार नाही याचं तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ करूच. आणि पाऊस सुरू झाला की दोघंही महिनाभर इकडे या. येताना त्या जास्वंदीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आण. अन्वीला तिच्या हाताने लावू दे.

तुमचा,
राजू