दिसेल हो, पण सापडणार नाही

विद्यापीठ ग्रंथालयात शोधगंगेचं काम पाहणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाची सीडी घेऊन तुमच्या टेबलाशी आले, तेव्हा मला फक्त तुमची सही हवी होती. पीएच.डी.ची सॉफ्ट कॉपी शोधगंगेवर, म्हणजे इन्फ्लिबनेट या केंद्राच्या सर्वांना खुल्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर, गेली पाहिजे, हा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) 2009 पासूनचा नियम. माझ्या लेखी ती शेवटची कटकट होती.

तुम्ही पीडीएफ उघडलीत आणि शोधात 'ओवी' टाइप केलंत. अख्खा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर, आणि निकाल शून्य! "दिसेल हो, पण सापडणार नाही," म्हणालात. टायपिंगवाल्याने जुना फाँट वापरला होता. पडद्यावर झकास मराठी, कॉपी करून दुसरीकडे टाकलं की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. खरं सांगू? तेव्हा तुमचा रागच आला.

मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर शोधता येईल अशा अक्षरसंकेतात, बदलायचं काम निघालं. कन्व्हर्टरने 'मार्ग'चा 'र्माग' केला, पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर नेऊन बसवल्या. माझं विवेचन दुरुस्त करणं सोपं होतं. पण ओव्या बोलीतल्या. शब्द मुळातच तसा की कन्व्हर्टरची करामत? छापील प्रत मांडीवर घेऊन तुम्ही वाचायचात, मी पडद्यावर बघायचे. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

"या ओव्या म्हणणाऱ्या बायकांना आपली नावं इंटरनेटवर चालतील का?" हेही तुम्हीच विचारलंत. मला सुचलंच नव्हतं. पुन्हा गावी गेले. दोघींनी नको म्हटलं, एक आजी म्हणाल्या, "माझं मोठ्या अक्षरात टाक."

उघड्यावर ठेवलं की चोरी होते, असं मला बरेच जण सांगत होते. त्यावर तुमचं उत्तर मी अजून लोकांना ऐकवते: कपाटातला प्रबंध चोरला तर कळणार कोणाला?

परवा बीडकडच्या एका एम.ए.च्या मुलीचा मेल आला. ओवीतला एक शब्द शोधता शोधता ती माझ्या चौथ्या प्रकरणापर्यंत पोचली. भावाने आणलेली 'झोळी' असं मी लिहिलंय, तिथे तिची आजी 'चोळी' म्हणते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. चोळीच आहे. आपल्या दोघींच्याही नजरेतून निसटली.

मनापासून आभार, ताई. आता ही दुरुस्ती कशी करायची ते विचारायला सोमवारी येतेय.

तुमची,
एक माजी संशोधक विद्यार्थिनी