पट तेरा, कारकून गुरुजी

महोदय,

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला की प्रश्न एकच असतो : शाळा ठेवायची की बंद करायची? चालू शाळेत दिवसभर काय चालतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेचा पट १३. पहिली ते चौथी, गुरुजी दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून येणं-जाणं असतं.

परवा दुपारी गेलो, तर एक गुरुजी 'माहिती द्यायला' तालुक्याला गेलेले आणि दुसरे देवळामागच्या कातळावर मोबाइल उंच धरून उभे. रेंज तेवढ्याच जागी येते. खिचडी किती मुलं जेवली, हा आकडा ॲपवर चढवायचा होता. वर्गात चौथीतली पोरगी बाकीच्यांकडून पाढे म्हणून घेत होती. सतराच्या पाढ्यात अडकली की खिडकीतून हाक मारायची, गुरुजी कातळावरून उत्तर द्यायचे. अर्धा तास हेच.

मग तोच आकडा रजिस्टरात, महिनाअखेरीला तोच केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयात. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे रोजचा सव्वा किलोच्या थोडा वर. स्वयंपाकाच्या ताई तो अंदाजानेच बरोबर काढतात! शिवाय शाळेची आणि मुलांची माहिती ऑनलाइन भरायला युडायस आहे, सरल आहे. एका मुलीच्या आधारवर आडनावाची वेलांटी चुकली आणि संगणकावर आमचा पट १२ झाला. पोरगी रोज पुढच्या रांगेत बसते. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरतात म्हटल्यावर गुरुजींनी तिच्या आईला घेऊन आधार केंद्राच्या दोन खेपा केल्या. दोन्ही शाळेच्या दिवशी.

हे साहेबांच्या नावाने खडे फोडायला लिहीत नाही. आमच्या केंद्राला पूर्णवेळ केंद्रप्रमुखच नाहीत. एका मुख्याध्यापकांकडे प्रभार आहे, त्यांना स्वतःची शाळा आहेच. 'तात्काळ', 'आजच' असे आलेले संदेश ते ग्रुपवर पुढे ढकलतात. दुसरं काय करणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. माहिती भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक, यावर कार्यालयांनी खुशाल वाद घालावा. हायस्कुलाला लिपिक असतो. १३ मुलांसाठी आम्ही तो मागणार नाही, पण केंद्राला एक द्या. आठवड्यातून एकदा वाडीवर येईल, रजिस्टर बघून माहिती भरेल, आधारची कामं घेऊन जाईल. छोट्या शाळांतल्या मुलांना गाडीने एका मोठ्या समूह शाळेत न्यायचा विचार सरकार करू शकतं, तर एका लिपिकाची दुचाकी वाडीपर्यंत यायला काय हरकत आहे?

पुढच्या बैठकीत समिती तसा ठराव घेणार आहे. इतिवृत्त गुरुजीच लिहितील, आणि त्याचा फोटो चढवायला पुन्हा कातळावर जातील.

– एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य