घड्याळ लंगडतंय, असं आई म्हणाली

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

मी घरी केलेलं घड्याळ चालतंय! आज चौथा दिवस. रोज सकाळी वजन म्हणून टांगलेली वाळूची बाटली वर चढवते, की दिवसभर टिकटिक.

बाबा, लहानपणी तुम्ही भिंतीवरचं घड्याळ उघडून दाखवायचात, तेव्हा मला वाटायचं सगळी करामत चाकांची. करायला बसले तेव्हा कळलं, चाकं पुठ्ठ्याचीही चालतात. खरा जीव त्या जहाजाच्या नांगरासारख्या तुकड्यात आहे. बाटली खाली ओढते, चाक सुटायला बघतं आणि नांगर त्याला एका वेळी एकच दात सोडतो. सुटता सुटता तो दात लंबकाला हलकासा धक्काही देतो, म्हणून लंबक थांबत नाही. किती साधं आणि किती सुंदर! पुठ्ठ्याचे तीन नांगर वाया गेले. टोकं मऊ पडली, की चाक भर्रकन फिरायचं आणि बाटली धप्पकन जमिनीवर. चौथा डब्याच्या पत्र्याचा कापला, टोकं पॉलिश पेपरनं घासली, तेव्हा जमलं.

लंबक लाकडी पट्टीचा आहे. उन्हाळ्यात धातू लांबतो आणि घड्याळ मागे पडतं. लाकडाला उष्णतेचा तेवढा त्रास नाही. लांबी ९९.४ सेंमी धरली, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बरोबर एक सेकंद. लंबक जाऊन परत आला, की एक दात सुटतो; नांगराच्या चाकाला ३० दात, म्हणून मिनिटाला एक फेरा. १६५६ साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं पहिलं लंबकाचं घड्याळ केलं ते याच भरवशावर, की लंबक आपली लय सोडत नाही. माझं दिवसाला दोन मिनिटं मागे पडत होतं. लंबकाच्या खालचं वजन एक मिलिमीटर वर घेतलं, की दिवसाला साधारण ४३ सेकंद वाढतात. नट फिरवून जेमतेम तीन मिलिमीटर वर घेतलं.

पण आई, पहिल्या दिवशी ते दर दहा मिनिटांनी थांबायचं आणि मला कारणच सापडत नव्हतं. फोनवर तू नुसता आवाज ऐकलास आणि म्हणालीस, "अगं, लंगडतंय ते." खरंच, टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं नव्हतं. डाव्या बाजूखाली कागदाची घडी सरकवली, आणि तेव्हापासून थांबलेलं नाही. ती घडी मी काढणार नाही.

आता काटे राहिलेत. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्यांत तासकाट्याची एक, अशी चाकं लागतील, आणि ते दात माझ्याच्यानं एकसारखे आखले जात नाहीत. बाबा, येताना कंपास आणि ती बारीक कानस आणा. हात थरथरतो म्हणून नको म्हणू नका. खुणा कुठे करायच्या ते तुम्ही सांगा, कापीन मी.

तुमची,
धाकटी