पाटल्या पॉलिशला दिल्यात म्हणे

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून पत्र.

दिवाळीत कपाटात स्वेटर शोधताना गोळ्यांचा डबा हाताला लागला. रक्तदाबाच्या एकेका गोळीचे दोन तुकडे, कागदाच्या पुडीत बांधलेले. बाबा, मी चिठ्ठी वाचली, डॉक्टरांनी अख्खी गोळी लिहिलीय. आणि आई, पाटल्यांच्या पॉलिशला चार महिने लागतात का गं?

३३ वर्षं एसटी चालवून हातात पेन्शन जेमतेम २,३०० रुपये. बाबा, यात तुमचं काय चुकलं? ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेचा हिशेब मुळात कमाल मर्यादेतल्या पगारावर होतो आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच अडकलीय. लाजायचं तर ते ठरवणाऱ्यांनी.

पतसंस्थेतली ६ लाखांची ठेव मार्चमध्ये सुटतेय, ती तिथे पुन्हा ठेवू नका. गेल्या दोन्ही वेळा व्याजासाठी चार-चार हेलपाटे मारलेत, आईने सांगितलंय. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्याखाली असते, पतसंस्थेला तो विमा नाही. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के आहेत, म्हणजे दर तिमाहीला १२,३०० रुपये. पतसंस्थेच्या अकरा टक्क्यांपेक्षा कमीच, मला कळतं. पण मुद्दल जागेवर राहील. खातं दोघांच्या नावे काढा.

गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणा. औषध तेच, किंमत बरीच कमी. सत्तरी ओलांडलीय, तर आयुष्मान कार्डही काढून घ्या. ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरच चालतं, पण खरी धास्ती त्याच खर्चाची आहे ना?

दर ५ तारखेला मी आईच्या खात्यात ५,००० टाकणार. मागच्या वेळी तुम्ही ते साठवून माझ्याच लेकीच्या नावावर ठेवलेत, तसं आता केलंत तर मी थेट किराणावाल्या काकांना पैसे पाठवीन.

आणि वरची खोली. दादासाठी-माझ्यासाठी म्हणून वर्षभर कुलूप, आम्ही येतो आठ दिवस. कॉलेजच्या दोन मुली ठेवा भाड्याने, आईलाही सोबत होईल. मी आले की माजघरात गादी टाकीन, नाहीतरी तिथेच झोप चांगली लागते.

आई, सोनं कुठे ठेवलंयस त्या पावतीचा फोटो पाठव. बाबांना न विचारता.

तुमची,
मनू